पुण्यातील वाहनचोरीविरोधी पथकासाठी मंडळाने निधी द्यावा काय?

प्रेषक: एक आजीव सभासद, मिशिगन

सप्रेम नमस्कार.

यंदाच्या गणेशोत्सवाचा हिशेब मंजूर झाला असून खर्च भागून काही रक्कम अमेरिकेतील आपल्या मंडळाकडे शिल्लक आहे. तिच्या विनियोगाबद्दल कार्यकारिणीने सूचना मागवल्या आहेत, म्हणून हे पत्र. आपल्यापैकी अनेकांचे आईवडील पुण्यात एकटे राहतात, आणि सोसायटीच्या आवारातून, मंडईबाहेरून, दवाखान्याच्या दारातून गाडी चोरीला गेल्याच्या बातम्या सभासदांच्या या चर्चा-यादीवर वारंवार येतात. सत्तरी ओलांडलेल्या माणसाची स्कूटर गेली की त्याचे बँकेत जाणे, भाजी आणणे आणि औषधे आणणे एकाच दिवशी बंद पडते, हे मी वेगळे सांगायला नको.

माझा प्रस्ताव असा की, ही शिल्लक आणि सभासदांकडून जमणारी वर्गणी मिळून पुणे शहर पोलिसांच्या दरोडा व वाहनचोरी विरोधी पथकाला द्यावी. त्यातून त्यांनी गस्तीसाठी दुचाकी किंवा क्रमांकपट्टी वाचणारे कॅमेरे घ्यावेत. ही कल्पना माझी नाही. आपण राहतो त्या मिशिगनने १९८६ मध्ये कायदा करून वाहनचोरी रोखण्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन केले, प्रत्येक विमाधारक वाहनामागे वर्षाला एक डॉलर आकारला आणि त्या पैशातून पोलीस, सरकारी वकील व स्वयंसेवी संस्था यांना अनुदाने दिली. चोरीचा भुर्दंड सगळ्याच वाहनधारकांना विम्याच्या हप्त्यातून बसतो, तेव्हा ती रोखण्याचा खर्चही सगळ्यांनी थोडाथोडा उचलावा, हा विचार मला पटतो. कृपया आपली मते कळवावीत.

प्रेषक: खजिनदार

दादा, आपल्या हेतूबद्दल शंका नाही, परंतु हा प्रस्ताव मी कार्यकारिणीपुढे आहे तसा ठेवू शकत नाही.

आपले मंडळ अमेरिकेत नोंदलेली संस्था आहे. भारताच्या २०१० च्या परदेशी योगदान नियमन कायद्याखाली, म्हणजे ज्याला सगळे एफसीआरए म्हणतात त्याखाली, मंडळाकडून जाणारा प्रत्येक रुपया परदेशी योगदान ठरतो, मग तो मुळात भारतीय पारपत्र असलेल्या सभासदाने दिलेला असला तरीही. असे योगदान स्वीकारण्यास त्या कायद्याच्या कलम ३ ने शासकीय कर्मचाऱ्यांना पूर्वीपासूनच मनाई आहे, आणि २०२० च्या दुरुस्तीने त्यात लोकसेवक हा शब्दही घातला. त्यामुळे एखाद्या पोलीस अधिकाऱ्याच्या हाती धनादेश ठेवण्याचा विचार मनातून काढून टाकावा. मध्ये एखादी पुण्यातील संस्था घालावी म्हटले, तर तिच्याकडे एफसीआरएची नोंदणी किंवा त्या रकमेपुरती पूर्वपरवानगी हवी, पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच यायला हवेत, आणि २०२० नंतर ती संस्था ते पैसे पुढे दुसऱ्या कोणाला देऊ शकत नाही. तिने ते स्वतःच, स्वतःच्या उद्दिष्टांवर खर्च करायचे असतात.

ज्यांच्याकडे अजून भारतीय पारपत्र आहे त्यांनी आपल्या वैयक्तिक बचतीतून, नेहमीच्या बँकमार्गाने पाठवलेली रक्कम परदेशी योगदानात मोडत नाही. ज्यांनी इथले नागरिकत्व घेतले आहे त्यांना ही सवलत नाही. ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारे कार्ड, असल्याने यात काही फरक पडत नाही. म्हणजे एकाच घरात नवऱ्याला देता येते आणि बायकोला येत नाही, असेही घडू शकते. मी हे गमतीने लिहीत नाही, आमच्याच घरात तसे आहे.

प्रेषक: निवृत्त वकील, कोथरूड, पुणे

सर्वांस सप्रेम नमस्कार. मुलीकडे राहत असताना मंडळाचा सभासद झालो, त्या नात्याने लिहितो. खजिनदारताईंनी मांडलेली कायद्याची बाजू मला मान्य आहे. मात्र कायद्याने वाट मोकळी असती तरी मी या प्रस्तावाला विरोधच केला असता, कारण पैसा ज्या ठिकाणी ओतायचे आपण म्हणतो आहोत त्या ठिकाणी घोडे अडलेले नाही.

पुण्यात चोरीला जाणारे वाहन म्हणजे प्रामुख्याने दुचाकी. मोटारी जातात, आणि गाडीच्या संगणकाशी उपकरण जोडून नवी चावी ओळखायला लावणाऱ्या टोळ्याही आहेत, पण ठाण्यात रोज येणारी फिर्याद दुचाकीची असते. हँडल लॉक झटका देऊन तोडायचे, तारा जोडायच्या किंवा झिजलेली चावी फिरवून बघायची, एवढ्यात काम होते. पळवणारे ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात. काही जण धंदा म्हणून गाड्या नेतात, त्यांचे सुटे भाग करतात किंवा ‘कागद नंतर देतो’ असे सांगून दुसऱ्या जिल्ह्यात कमी किमतीला विकतात. दुसरे असतात मौजेखातर गाडी नेणारे, त्यांत अल्पवयीन मुलेही आली. पेट्रोल संपेपर्यंत ते फिरतात आणि गाडी रस्त्याकडेला सोडून देतात. ही दुसऱ्या प्रकारातली गाडी खरे तर हरवलेलीच नसते. ती कुठल्या तरी पोलीस ठाण्याच्या आवारात, उन्हापावसात, बेवारस म्हणून उभी असते, आणि तिचा मालक मात्र कोथरूडात ‘माझी गाडी गेली’ म्हणून बसलेला असतो.

ती मालकापर्यंत का पोहोचत नाही, हे नीट पाहण्यासारखे आहे. पहिली अडचण हद्दीची. २०१८ पासून पिंपरी-चिंचवडचे आयुक्तालय वेगळे झाले असून भोवतालचा भाग पुणे ग्रामीण पोलिसांकडे आहे. कोथरूडमधून गेलेली गाडी भोसरीत किंवा भोरच्या रस्त्यावर सापडली तर तिची नोंद दुसऱ्याच यंत्रणेच्या वहीत होते. क्रमांकपट्टी काढून टाकलेली असेल तर इंजिन व चेसिस क्रमांकावरून मालक शोधावा लागतो, तो खोडलेला असेल तर काम आणखी वाढते, आणि खोडलेला नसला तरी वाहननोंदणीच्या ‘वाहन’ या संगणक प्रणालीत जे नाव निघते ते पुष्कळदा मूळ मालकाचे असते, कारण जुनी गाडी घेणारा गाडी स्वतःच्या नावावर करून घेतच नाही. पत्ता जुन्या भाड्याच्या घराचा असतो आणि दूरध्वनी बंद पडलेला. या कामासाठी वेगवान मोटारसायकली लागत नाहीत. वाकून घासलेले आकडे वाचणारा, ते प्रणालीत तपासणारा आणि चार ठिकाणी दूरध्वनी करणारा चिकाटीचा माणूस लागतो. मावळातील एक स्वयंसेवी संस्था पोलिसांच्या परवानगीने ठाण्यांच्या आवारातील गाड्यांबाबत हेच काम करते, असे मी वर्तमानपत्रांत वाचले आहे.

गाडी सापडल्यावरही ती लगेच घरी येत नाही, कारण ती मुद्देमाल झालेली असते. जप्त वाहने ठाण्यात वर्षानुवर्षे सडवू नयेत, पंचनामा व छायाचित्रे करून, बंधपत्र घेऊन ती मालकाच्या ताब्यात द्यावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सुंदरभाई अंबालाल देसाई यांच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ व ५०३ मध्येही छायाचित्रण, मालमत्तेचा ताबा आणि मालक ठाऊक नसल्यास सहा महिन्यांची उद्घोषणा यांची तरतूद आहे. मालकाने करायचे ते एवढेच की न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज द्यायचा. पण आमच्या पिढीतील माणूस ‘कोर्टाची पायरी नको’ म्हणून गाडी सोडून देतो, हे मी वकिलीत कितीदा तरी पाहिले. सुपूर्तनाम्याचा, म्हणजे जप्त गाडी ताब्यात मागण्याचा, अर्ज लिहून देणारा एखादा तरुण वकील आठवड्यातून एक दुपार उपलब्ध झाला, तर त्याने होईल ते काम कॅमेऱ्याने होणार नाही.

दादांनी मांडलेल्या विम्याच्या मुद्द्याकडे मला थोडे वेगळ्या बाजूने पाहायचे आहे. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा व मोटारीला तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा सक्तीचा झाला. परिणाम असा की, स्वतःच्या नुकसानीचा भाग पुष्कळदा पहिल्या वर्षानंतर संपतो आणि गाडीवाला मात्र ‘माझा पाच वर्षांचा विमा आहे’ या समजुतीत राहतो. तृतीय पक्ष विमा आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे झालेले नुकसान भरून देतो, त्यात चोरीची भरपाई नसते. ज्यांच्याकडे संपूर्ण विमा आहे त्यांनाही तात्काळ दिलेली फिर्याद, दोन्ही मूळ चाव्या आणि तपास लागला नाही असा ‘अ’ समरीचा कागद सादर करावा लागतो. आपण सर्वांनी या रविवारी आईवडिलांना दूरध्वनी करून पॉलिसीवर नेमके काय छापले आहे आणि दुसरी चावी कुठे आहे, एवढे विचारले तरी पुष्कळ काम होईल.

शेवटी पोलिसांना देणगी देण्याबाबत. आज परदेशातील मंडळाने पथकाला गाड्या दिल्या, तर उद्या त्या मंडळाच्या सभासदाच्या वडिलांची फिर्याद कपाटात वर आणि शेजारच्या इस्त्रीवाल्याची खाली गेली, असा संशय घेण्यास जागा राहते. अधिकारी कितीही सरळ असला तरी त्याला अशा जागी उभे करू नये. पोलिसांची वाहने व कॅमेरे यांसाठी राज्याचा अर्थसंकल्प आणि जिल्हा नियोजन समिती आहे, तिथे मागणी करणारे आमदार आम्ही निवडून दिलेले आहेत, आणि त्यांना जाब विचारणे हे आमचे, पुण्यात राहणाऱ्यांचे काम आहे.

प्रेषक: सभासद, सध्या टेक्सास

वकीलकाकांना नमस्कार. आपले बहुतेक मुद्दे पटले, तरी दोन ठिकाणी मला असहमती नोंदवायची आहे.

पोलिसांना समाजाने मदत करू नये, हे तत्त्व इतके सरसकट मांडता येणार नाही. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली मोठ्या कंपन्या आपल्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करतात आणि त्यातून शासकीय यंत्रणांनाही साधने मिळतात. तिथे फिर्याद वरखाली होण्याचा संशय आपण घेत नाही, मग मंडळाबाबतच का घ्यावा? टेक्सासातही १९९१ पासून मिशिगनसारखीच व्यवस्था आहे आणि विमाधारक वाहनांवरील शुल्कातून स्थानिक पोलिसांच्या वाहनचोरी पथकांना अनुदान मिळते. दुसरे असे की, माझ्या सासरी सिंहगड रस्त्यावर सोसायटीत कॅमेरे बसवल्यापासून रहिवाशांना निश्चिंत वाटते, आणि ते बसवण्यासाठी पोलीस चौकीनेच आग्रह धरला होता. मग मंडळाच्या नव्हे, तर पारपत्रधारक सभासदांच्या वैयक्तिक पैशातून सोसायट्यांना कॅमेऱ्यांसाठी मदत करण्यास काय हरकत आहे?

प्रेषक: निवृत्त वकील, कोथरूड, पुणे

ताई, हरकत काहीच नाही, आणि कंपन्यांच्या निधीबाबत मला तुमच्याइतका विश्वास वाटत नाही हे नोंदवून तो विषय सोडतो. टेक्सास आणि मिशिगनमध्ये पैसा कायद्याने गोळा होतो आणि कायद्याने वाटला जातो. देणाऱ्याचे नाव त्या पैशावर नसते. माझा आक्षेप नेमका त्या नावाला आहे.

कॅमेऱ्यांबाबत मात्र थोडे सविस्तर लिहितो, कारण पैसे द्यायचेच असतील तर ते वाया जाऊ नयेत. आमच्या भागातील चोऱ्यांमध्ये चित्रण असूनही उपयोग न झाल्याची कारणे ठरलेली आहेत. कॅमेरा फाटकावर उंच लावलेला असतो, रात्री समोरून येणाऱ्या दिव्याच्या झोतात क्रमांकपट्टी पांढरी पडते, आणि गाडी बाहेर जाताना तिची मागची बाजू त्यात येतच नाही. रेकॉर्डरमधील घड्याळ अर्धा तास मागे असते. आपण कुटुंबासह गावाला गेलो, परतल्यावर चोरी लक्षात आली, तोपर्यंत जुने चित्रण पुसून त्यावर नवे आलेले असते. चित्रण मिळाले तरी ते न्यायालयात वाचले जाण्यासाठी भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते, ते कोणी द्यायचे यावर सोसायटीचे सचिव आणि कॅमेरेवाला एकमेकांकडे बोट दाखवतात. म्हणून मदत करायची तर फाटकावर कमी उंचीचा, बाहेर जाणाऱ्या गाडीची पाठ टिपणारा एकच कॅमेरा, महिनाभराची साठवण आणि घड्याळाची दरमहा तपासणी, एवढ्यासाठी करावी. दुचाकीच्या चाकाला लागणारे भक्कम कुलूप त्याहून स्वस्त पडते, आणि ते चोराला दुसऱ्या गाडीकडे वळवते. शेजाऱ्याच्या गाडीकडे, असे म्हणाल तर नाकारता येणार नाही. म्हणूनच ते सगळ्या सोसायटीने एकदम घ्यावे.

जुन्या गाड्यांना उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी लावणे आता महाराष्ट्रात सक्तीचे आहे. ती एकदा काढली की तशीच परत बसत नाही आणि तिच्यावरील कोरलेला क्रमांक ‘वाहन’ प्रणालीशी जोडलेला असतो. बऱ्याच ज्येष्ठांनी संगणकावर वेळ घेता येत नाही म्हणून ती लावलेली नाही. परदेशात बसून मुलांना करता येण्याजोगे हे सर्वांत सोपे काम आहे.

प्रेषक: मूळ प्रस्तावक, मिशिगन

काका, पथकाला निधी देण्याचा प्रस्ताव मी मागे घेतो. प्रति वाहन शुल्काची कल्पना मात्र सोडवत नाही. ती महाराष्ट्रात आणण्यास काही मार्ग आहे काय?

प्रेषक: निवृत्त वकील, कोथरूड, पुणे

विमा हा केंद्राच्या सूचीतील विषय असल्याने मिशिगनप्रमाणे विम्यावर शुल्क लावायचे तर ते दिल्लीत ठरेल. वाहनांवरील कर मात्र राज्याच्या सूचीत आहे, आणि जुन्या वाहनांवर पर्यावरण कर राज्य आजही घेते. त्याच धर्तीवर लहानसे शुल्क घेऊन ते मुद्देमाल वाहनांची नोंद आणि परतावा यांसाठी राखून ठेवावे, असे निवेदन देता येईल. ते इथल्या नागरिकांच्या सह्यांनी जायला हवे. मसुदा मी करतो. मिशिगनच्या कायद्याचा मूळ पाठ आणि अनुदान वाटपाचे नियम तुम्ही पाठवावेत.

प्रेषक: अध्यक्ष

चर्चेबद्दल सर्वांचे आभार. कार्यकारिणीने काल असे ठरवले की, मंडळाची शिल्लक भारतात पाठवू नये; ती इथल्या मराठी शाळेच्या पुस्तकांसाठी वापरली जाईल. चाकाची कुलुपे व फाटकावरील कॅमेरा यांसाठी भारतीय पारपत्रधारक सभासद वैयक्तिकरीत्या, थेट आपल्या पालकांच्या सोसायटीला मदत करू शकतात. त्याचा हिशेब मंडळ ठेवणार नाही आणि मंडळाचे नाव कुठेही लावले जाणार नाही. विमा, दुसरी चावी, क्रमांकपट्टी, गाडी नावावर करून घेणे आणि सुपूर्तनाम्याचा अर्ज यांविषयी मोठ्या अक्षरातील दोन पानी मराठी पत्रक वकीलकाका लिहीत आहेत. ज्यांना ते पुण्यात घरपोच हवे आहे त्यांनी फक्त भागाचे नाव, म्हणजे कोथरूड, वारजे, हडपसर असे, सचिवांना कळवावे. पूर्ण पत्ते या यादीवर टाकू नयेत.