अर्धशिशीचं कारण नक्की शोधायचं कसं?

रानजाई:
नमस्कार मंडळी. कराडजवळच्या शाळेत सातवीला गणित शिकवते, वय ३९. बारा वर्षांपासून अर्धशिशी आहे. पूर्वी महिन्यातून दोनदा डोकं उठायचं, दिवाळीपासून पाच-सहा वेळा उठतंय. डाव्या डोळ्यामागे ठसठस सुरू होते, मग मळमळ. परवा शेजारच्या लसणाच्या फोडणीचा वास आला आणि उलटीच झाली. कपाळाला ओढणी घट्ट बांधून अंधारात पडून राहते. आठ वर्षांची लेक दार लोटून हळूच विचारते, "आई, आज पण?" ते ऐकवत नाही.

डॉक्टरांनी मायग्रेन सांगितलं, ट्रिगर, म्हणजे डोकं उठवणाऱ्या गोष्टी, तुमच्या तुम्हीच ओळखा म्हणाले. सासूबाई म्हणतात पित्त आहे, आंबट बंद कर. मैत्रीण म्हणते चॉकलेट. दही, लोणचं, टोमॅटो, चॉकलेट सोडून तीन महिने झाले, काडीचा फरक नाही. तुम्ही कसं शोधलंत?

गोदाकाठ:
रानजाई, पदार्थ सोडत बसू नका. मीही वर्षभर वांगं आणि दही सोडलं होतं, उपयोग झाला नाही.

दुधाचा हिशेब लिहिते त्याच कालनिर्णयवर मी पेन्सिलने लिहायला लागले. दुखलं तर 'दु', गोळी घेतली तर 'गो', पाळी आली तर 'पा', आणि रात्री किती तास झोपले तो आकडा. उपवास, उन्हातली पायपीट, जेवायला उशीर असं काही असेल तर एक शब्द. आणि हे महत्त्वाचं: डोकं दुखलं नाही त्या दिवसाचंही लिहायचं. फक्त दुखल्याचे दिवस लिहिले तर त्या दिवशी खाल्लेला प्रत्येक घास गुन्हेगार वाटतो.

तीन महिन्यांनी पानं शेजारी शेजारी ठेवली. संकष्टीचा उपवास एरवी निभावायचा. पण आदल्या रात्री जागरण झालं असेल किंवा पाळी दोन दिवसांवर असेल, तर चंद्रोदयाच्या आत डोकं उठलेलं. म्हणजे एकटं कारण पुरत नव्हतं, दोन-तीन एकत्र आली की घडा भरायचा. पाळीच्या आधीचे दोन दिवस आणि पहिले तीन दिवस बऱ्याच बायकांना नाजूक असतात, कारण तेव्हा इस्ट्रोजेन हे शरीरातलं संप्रेरक (हार्मोन) खाली येतं. पाळी काही टाळता येत नाही. म्हणून त्या दिवसांत मी उपवास धरत नाही आणि जागत नाही.

दुसरं सापडलं ते रविवारचं. रोज साडेपाचला उठून चहा घ्यायची, रविवारी साडेआठला उठून नऊला. झोप लांबली आणि चहाही चुकला. आता रविवारीही सहाला उठते, चहा घेते, हवं तर दुपारी अर्धा तास पडते. बाकी कशाहीपेक्षा याने मला जास्त फरक पडला.

चॉकलेटबद्दल एक. दुखायच्या आदल्या दिवशी मला सारख्या जांभया येतात, मान आखडते आणि गूळ-शेंगदाण्याची अनावर इच्छा होते. मला वाटायचं गुळाने दुखतं. खरं तर झटका आतून सुरू झालेला असतो आणि म्हणून गोड खावंसं वाटतं. तुमच्या चॉकलेटचं असंच नाही ना, एवढं बघा.

औषधवाला_दादा:
ताई, गोळ्या महिन्यातून किती दिवस घेता? मी औषधाच्या दुकानात बसतो, रोज हेच बघतो. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि ट्रिप्टान (खास अर्धशिशीची गोळी) किंवा कॅफीन मिसळलेली गोळी १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं की त्या गोळ्यांनीच डोकेदुखी वाढू शकते. मनाने एकदम बंद करू नका, डॉक्टरांना आकडा सांगा. आणि अचानक, आयुष्यात कधी झालं नाही इतकं डोकं दुखलं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं किंवा तापासोबत मान ताठ झाली, तर डायरी वगैरे बाजूला ठेवून तडक दवाखाना गाठायचा.

रानजाई:
दादा, पाकिटं मोजली. गेल्या महिन्यात ११ दिवस गोळी, आणि मागे बघितलं तर कॅफीन असलेलीच. उद्याच डॉक्टरांना सांगते. गोदाकाठताई, रजेचे अर्ज मोबाइलमध्ये होते ते काढले. सहापैकी चार सोमवार! शनिवारी-रविवारी रात्री एकपर्यंत पेपर तपासत बसते आणि सोमवारी डबा दुपारी दोनला उघडते, कारण मधल्या सुट्टीत माझी मैदानावर ड्युटी असते. हे बारा वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मुलीने कालनिर्णयच्या खिळ्याला दोऱ्याने पेन्सिल बांधून दिलीय. एक सांगा, दुखणं आदल्या रात्री सुरू झालं आणि दुसऱ्या दिवशीही राहिलं तर 'दु' कुठल्या चौकटीत लिहायचं?

गोदाकाठ:
दोन्हीकडे. सुरुवातीच्या 'दु'ला गोल करा. आणि कारण त्याच्या आदल्या चौकटीत शोधा.