एकट्याने नोकरी नीट केली तर समाजात काही फरक पडतो का? (खरंच विचारतोय)

उकळून_प्या:
मी पाणी तपासायच्या लॅबमध्ये केमिस्ट आहे, कंत्राटी, ५ वर्षं झाली. गावोगावचे नमुने येतात, टेस्ट लावतो, रिपोर्टवर 'पिण्यास अयोग्य' लिहितो, तो फायलीला लागतो आणि पुढच्या महिन्यात त्याच विहिरीचं पाणी परत अयोग्य. परवा मेव्हणा म्हणाला तुझी तर समाजसेवाच आहे, मला हसूच आलं. नुसतं आपलं काम करून कोणी काही बदललंय का? सगळं सोडून जंगलात गेलेल्या थोर लोकांची उदाहरणं नकोत प्लीज, माझे घराचे हप्ते चालू आहेत.

महाडकर_सध्या_पुण्यात:
आमच्याकडचंच सांगतो. डॉ. हिंमतराव बावस्कर. सत्तरच्या दशकात महाडजवळच्या बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात लागले. कोकणातला तो लाल विंचू माहितीये ना, चावला की आधी घाम, उलट्या, हातपाय गार, आणि मग छातीत पाणी भरून तोंडाला फेस. विष हृदयावर जातं. गंभीर झालेल्या शंभरातले तीस-चाळीस जायचे तेव्हा. हा माणूस पेशंटच्या उशाशी बसून नाडी, बीपी, घाम सगळं लिहीत राहिला, १९८२ ला ते लॅन्सेट या डॉक्टरांच्या नामांकित मासिकात छापून आलं, पुढे प्राझोसिन देऊन बघितलं, म्हणजे बीपीचीच गोळी, आणि मृत्यू १ टक्क्याच्या आसपास आले. २०२२ ला पद्मश्री मिळाली पण ते सोडा.

शंकासुर:
छान आहे, पण "एकट्याने" कुठे? गोळी आधीच बाजारात होती, दुसऱ्याच कोणीतरी बनवलेली. संशोधनाच्या पेपरांवर त्यांच्या पत्नीचं, डॉ. प्रमोदिनींचंही नाव असतं, ते तुम्ही खाल्लंत. आणि रात्री २ वाजता वाडीतून पेशंट उचलून आणणारे शेजारी? रस्ता? असल्या गोष्टींत नेहमी एकच हिरो काढतात आणि बाकीचे गायब.

सिस्टर_नाईट_ड्युटी:
शंकासुर बरोबर आहेत आणि नाहीतही. मी कोकणात पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे. माझी आजी सांगायची, विंचू चावला की आधी उतरवणाऱ्याकडे न्यायचे, तो मंत्र घालेपर्यंत माणूस गार. आता भात कापताना नाहीतर पेंढा काढताना चावला तर थेट आमच्याकडे आणतात. मी लागले तेव्हा मला कोणी बावस्करांचं नाव नाही सांगितलं, सीनियर सिस्टरने एवढंच शिकवलं की हातपायाला हात लावून बघ, गार आणि घाम असेल तर डॉक्टरांना उठव, गोळी दिली की उठून बसू द्यायचं नाही कारण बीपी धाडकन उतरतं, आणि बघत बस. हे बघत बसणं कोणीतरी आधी केलं होतं म्हणून मला ५ मिनिटांत शिकता आलं.

महाडकर_सध्या_पुण्यात:
मॅडमचं नाव राहिलं, चूक मान्य. @उकळून_प्या, रिपोर्ट पाठवल्यावर तुमच्याकडे काय उरतं? गावाप्रमाणे एखादी वही?

उकळून_प्या:
काहीच नाही. नमुना नंबर उरतो.

सिस्टर_नाईट_ड्युटी:
मग वही घाला की. २० रुपयाची.

उकळून_प्या: (१२ दिवसांनी)
घातली. मागच्या ३ वर्षांचे रिपोर्ट जेवणाच्या सुट्टीत उतरवले, साहेब विचारत होते हा काय नवीन उद्योग. एका गावाची विहीर प्रत्येक पावसाळ्यात अयोग्य आणि उन्हाळ्यात चांगली. तिथल्या जलसुरक्षकाला फोन केला, तो म्हणे टीसीएल पावडर (पाणी शुद्ध करायची क्लोरीनची) रोज टाकतो, खोटं नव्हता बोलत बिचारा, पण पोतं पंपहाउसच्या गळक्या पत्र्याखाली, पावडरचा पार दगड झालेला, त्यात क्लोरीन काय उरणार कपाळ. पोतं बदलायला सांगितलंय. त्याने बदललं म्हणतो, आता सोमवारचा नमुना येऊ दे.

शंकासुर:
आला की टाका इथे.