पर्यावरण संशोधनाला सरकारने जास्त पैसा द्यायलाच हवा, तुमचं मत काय?

खाडीकाठची (ऐरोली)
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा कुणीतरी लिहिलं की पक्षी मोजायला आणि खाडीतला चिखल तपासायला सरकारी पैसा कशाला, आधी खड्डे बुजवा. मला हे अजिबात पटलेलं नाही म्हणून इथे विषय काढतेय.

ठाणे खाडी २०१५ ला फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ ला रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेली. त्याच वर्षी बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) इथल्या काही फ्लेमिंगोंना जीपीएस टॅग लावले, पैसा राज्याच्या कांदळवन प्रतिष्ठानचा, आणि पक्षी इथून गुजरातला कसे जातात ते नकाशावर दिसायला लागलं. भरतीला खाडीतला चिखल बुडाला की हे पक्षी नेरूळच्या पाणथळीत येऊन बसतात, हेही कुणीतरी वर्षानुवर्षं बघितलं म्हणूनच ठामपणे सांगता येतं. २०२४ ला नेरूळच्याच डीपीएस तलावात फ्लेमिंगो मेले तेव्हा भरतीचं पाणी आत येत नाहीये हा मुद्दा लोक मांडू शकले ते याच जोरावर.

आता एखादा मोठा प्रकल्प घ्या. त्याचा पर्यावरण अहवाल प्रकल्पवालाच सल्लागार नेमून करून घेतो, पैसे तोच देतो आणि बऱ्याचदा एकाच हंगामाची मोजणी असते, तीही पावसाळा सोडून. त्याच्या समोर ठेवायला आपल्याकडे स्वतंत्र, वीस वर्षांची मोजणी पाहिजे की नको? ती कुठली कंपनी करणार, त्यात नफा कुठेय? आणि आपला देश सगळ्या विषयांच्या संशोधनावर मिळून जीडीपीच्या जेमतेम ०.६ टक्क्यांच्या आसपास खर्च करतो, चीन अडीच टक्क्यांच्या घरात आहे. त्यात पर्यावरणाच्या वाट्याला किती येणार.

घोडबंदरचा करदाता
ताई, भावना समजली, पण माझा विरोध आहे आणि स्पष्ट सांगतो. आमच्याकडे टँकरशिवाय पाणी नाही, रोज दीड तास ट्रॅफिकमध्ये जातो, टॅक्स मात्र वेळेवर भरतो. २०१७ ला तळोज्यात कारखान्याच्या रंगाने निळी झालेली कुत्री फिरत होती, सगळ्या देशाने फोटो बघितले. ते बघून प्रदूषण आहे हे सांगायला कुठला शास्त्रज्ञ लागला? तिथल्याच कासाडी नदीचं पाणी कसलं आहे हे तिथल्या मासेमारी करणाऱ्या कोळ्याला विचारा, फुकटात सांगेल. रोग काय आहे ते माहितीये, औषध द्यायला कुणी तयार नाही. अजून चार अहवाल आले तर तेही कपाटात जातील. हाच पैसा प्रदूषण मंडळात इन्स्पेक्टर वाढवायला द्या, मी पाठिंबा देतो.

खाडीकाठची (ऐरोली)
इन्स्पेक्टर पाहिजेतच हो, त्याला कोण नाही म्हणतंय. पण एमआयडीसीत एका नाल्याला पन्नास ठिकाणचं पाणी मिळतं, खटला उभा राहिला की प्रत्येक जण म्हणतो हे माझं नाही. तेव्हा कुठलं रसायन कुठल्या गेटमधून आलं हे सिद्ध करायला प्रयोगशाळाच लागते, कोळी दादांचा अनुभव कितीही खरा असला तरी कोर्टात तेवढ्याने भागत नाही.

हवेचं पण बघा. २०१९ ला राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला, नवी मुंबईही त्यात आहे. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या दिल्लीच्या अभ्यास संस्थेने २०२४ ला देशभराचा हिशोब मांडला तर खर्चातला ६४ टक्के पैसा रस्त्याची धूळ दाबण्यात गेलेला, आणि कारखान्यांच्या धुरावर १ टक्कासुद्धा नाही! कुठल्या शहरात कशाचा किती वाटा आहे याचा अभ्यास आधी नीट केला असता तर तुमच्याच टॅक्सचा पैसा असा पाणी शिंपडण्यात गेला नसता.

कळव्याचा मनोहारी
दोघांचंही ऐकलं. मला विचाराल तर ज्याने घाण केली त्याने संशोधनाचा खर्च द्यावा, कंपन्यांच्या सीएसआरमधून (समाजकामासाठीचा निधी) घ्या, सरकारवर बोजा नको.

वाशी_सेक्टर९
मनोहारी, सीएसआरवाला तीन वर्षं देईल, फोटो काढेल आणि पुढच्या विषयाकडे जाईल. शिवाय ज्याच्या विरोधात आकडे जाणार त्याच्याच हातात पैशाची नाडी कशी ठेवायची?

आणि मोजणी मध्येच थांबली की काय होतं ते सांगतो. हवाईतल्या मौना लोआवर १९५८ पासून हवेतला कार्बन डायऑक्साईड मोजतायत, १९६४ ला पैसे कापले तेव्हा काही महिन्यांची नोंद कायमची गेली, ती आता कितीही पैसे टाकून परत येत नाही. ओझोनचं छिद्र १९८५ ला जगासमोर आलं ते ब्रिटिशांच्या अंटार्क्टिकातल्या ठाण्यावर १९५० च्या दशकापासून मोजणी चालू होती म्हणून. दोन वर्षांत ओझोन खाणारी रसायनं कमी करण्याचा मॉन्ट्रियल करार झाला. त्या तीस वर्षांत तिथेही कुणीतरी म्हणालंच असेल की हे कशाला मोजताय.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर ओडिशा बघा, १९९९ च्या चक्रीवादळात जवळपास १०,००० माणसं गेली, २०१३ च्या फायलिनमध्ये १०० च्या आत. प्रशासनाने लाखो लोक हलवले हे खरं, पण कुठून हलवायचे आणि कधी हे हवामानवाल्यांनी आधी सांगितलं होतं.

फक्त ताईंना एक सांगायचंय, नुसती रक्कम जाहीर करून उपयोग नाही. संशोधनाला पैसा देणारं केंद्राचं अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आलं तेव्हा ५ वर्षांत ५०,००० कोटी असं सांगितलं, त्यातले ३६,००० कोटी सरकारबाहेरून येतील अशी अपेक्षा होती. माझी भाची पीएचडी करतेय, जेआरएफ, म्हणजे संशोधनाची सरकारी फेलोशिप, कागदावर महिना ३७,००० आहे पण कित्येक महिने जमाच होत नाही, पोरगी घरून पैसे मागवून खाडीचे नमुने गोळा करतेय. वेळेवर द्या ही मागणीपण जोडा.

घोडबंदरचा करदाता
चक्रीवादळाचं मान्य, तिथे पैसा वसूल झाला. भाचीचं ऐकून वाईट वाटलं, मेहनतीचे पैसे थकवणं चूकच. पण माझी अट ऐका. ज्या मोजणीला सरकारी पैसा लागतो तिचे आकडे दर महिन्याला मराठीत, सगळ्यांना बघता येतील असे टाका. कुठल्या नाल्यात काय सापडलं ते मला घरबसल्या कळलं पाहिजे. ते होणार नसेल तर माझा विरोध कायम.

खाडीकाठची (ऐरोली)
अट शंभर टक्के मान्य, मी खासदारांना पाठवायचं निवेदन लिहितेय त्यात हीच पहिली ओळ टाकते आणि फेलोशिपची दुसरी. पण आकडे दर महिन्याला टाकायलाही माणूस लागतो, त्याला पगार लागतो, तो संशोधनाच्या बजेटमधूनच येणार. त्यावर सही करणार का ते सांगा.

घोडबंदरचा करदाता
आधी मसुदा इथे टाका, वाचतो, मग बोलू.