मदत हवी आहे: आरसीसी जोडाच्या मॉडेलमध्ये हिस्टेरेसिस लूप फुगीर का येतोय?

नमस्कार मंडळी,

एम.टेक.च्या प्रबंधासाठी बीम-कॉलम जोडाचं मॉडेल अबॅकस या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये करतेय आणि एका जागी पार अडकलेय. स्ट्रक्चर्सवाले कुणी असाल तर कृपया वेळ काढून वाचा.

नमुना बाहेरच्या कॉलमचा आणि जुन्या धाटणीचा आहे. आयएस १३९२० हे भूकंपरोधक आरसीसीचं १९९३ चं मानक येण्याआधी बांधत तसा. जोडाच्या गाभ्यात सळ्यांना आवळणारी एकही रिंग नाही आणि बीमच्या खालच्या १६ मिमी सळ्या कॉलममध्ये जेमतेम १५० मिमी सरळ शिरलेल्या. एम२५ काँक्रीट, फे४१५ सळई. आपल्याकडे अशा इमारतींत माणसं राहताहेत, म्हणून हट्टाने हाच विषय घेतला.

प्रयोगशाळेत बीमचं टोक जॅकने वर-खाली ढकललं. प्रत्येक टप्प्यावर तीन आवर्तनं, मग पुढचा मोठा टप्पा. दिशा बदलली की टोक बराच वेळ नुसतंच सरकतं, लोड सेलवर आकडा हलत नाही, आणि मग एकदम भार चढतो. त्यामुळे भार-सरकण्याचा आलेख, म्हणजे हिस्टेरेसिस लूप, मध्यभागी चिमटलेला. माझ्या मॉडेलचा लूप मात्र टम्म फुगलेला. तिन्ही आवर्तनं एकमेकांवर बसतात, प्रत्यक्षात तिसऱ्यात ताकद चांगलीच उतरलेली असते.

काँक्रीटला डॅमेज्ड प्लास्टिसिटी (सीडीपी) मॉडेल, डायलेशन अँगल ३५, बाकी गुणांक नेहमीचे: ०.१, १.१६, ०.६६७. व्हिस्कॉसिटी (गणित सुरळीत चालावं म्हणून घालायचा गुणांक) ०.००५. सळ्या ट्रस एलिमेंट, काँक्रीटमध्ये एम्बेडेड. सीडीपी शिकले ते अबॅकसच्याच मॅन्युअलमधल्या कोयना धरणाच्या उदाहरणावरून. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाचं ते उदाहरण माझ्याकडे व्यवस्थित चालतं, प्रवाहाच्या खालच्या बाजूचा उतार जिथे बदलतो तिथे भेगही येते. मग जोडातच काय बिनसतंय?

प्रतिसाद १

कोयनेच्या उदाहरणात सळईच नाही. तिथे भेग उघडणं, मिटणं आणि मिटल्यावर दाबातला ताठपणा (स्टिफनेस) परत येणं एवढंच सांभाळायचं असतं, आणि ते सीडीपी उत्तम करतं. तुमच्या जोडात खरा खेळ सळई आणि काँक्रीटच्या पकडीचा आहे. एम्बेडेड म्हटलं की पकड शंभर टक्के, सळई सरकणारच नाही.

हाताने हिशोब करून बघा. १६ मिमीची सळई यील्ड व्हायला, म्हणजे कायमची ताणली जायला, सुमारे ८३ किलोन्यूटन लागतात. सीईबी-एफआयपी या काँक्रीट संघटनांच्या १९९० च्या मॉडेल कोडप्रमाणे, रिंगांचा आवळ नसेल तर पकडीचा कमाल ताण म्हणजे काँक्रीटच्या दाबातल्या ताकदीच्या वर्गमुळाची दुप्पट. तिथे ताकद सिलिंडरची धरतात, म्हणून एम२५ साठी २० घ्या. ताण येतो सुमारे ९ एमपीए. १५० मिमी लांबीवर झाले ६७ किलोन्यूटन. म्हणजे सळई यील्ड होण्याआधीच निसटते! जॅक उलटल्यावर टोक फुकट सरकतं ते बहुधा यामुळेच.

खालच्या सळ्या एम्बेडेडमधून काढा. सळईचा आणि काँक्रीटचा नोड स्प्रिंग किंवा कनेक्टरने जोडा आणि त्यात पकड-घसरण वक्र घाला. एक सांगा, टोक वर ढकलताना ताकद कमी येते का? तेव्हाच खालच्या सळ्या ताणात असतात.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. आणखी थोडं:

सळईला आयसोट्रॉपिक हार्डनिंग दिलं असेल तर आवर्तनागणिक ती उगाच बळकट होते. कायनेमॅटिक किंवा कंबाइंड घ्या.

ताणातला डॅमेज व्हेरिएबल (भेगांमुळे स्टिफनेस किती घटते तो आकडा) भरलाय ना? तो नसेल तर अनलोडिंग मूळ स्टिफनेसनेच होतं आणि लूप फुगतो. भरताना प्रत्येक ओळीला प्लास्टिक स्ट्रेन वाढता राहतोय हे तपासा. ताणाचा वक्र स्ट्रेनऐवजी फ्रॅक्चर एनर्जीने दिलात तर मेश बदलल्यावर उत्तर फारसं हलणार नाही. आणि व्हिस्कॉसिटी दहापट कमी करून एकदा नुसतं एकाच दिशेने ढकलून बघा. कमाल भार उतरला तर आधीची ताकद कृत्रिम होती.

घाई असेल तर ओपनसीस या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पिंचिंग४ मटेरियल वापरून चिमटलेला लूप काही मिनिटांत मिळेल. पण तिथे चिमटा किती हे तुम्हीच आकड्यांनी सांगता. प्रयोगाशी जुळवायला ठीक आहे, पण जोड का मोडला हे त्यातून कळत नाही. प्रबंधाला मी अबॅकसच धरून ठेवेन.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार! होय, वर ढकलताना ताकद स्पष्ट कमी आहे. आलेख दोन्ही बाजूंना सारखा नाही हे दिसत होतं, पण त्याचा संबंध सळई कॉलममध्ये किती लांब शिरलीय याच्याशी लावला नव्हता.

फक्त खालच्या सळ्यांना स्प्रिंग लावून चालवलं. त्या बाजूचा लूप बराच चिमटला, आकार आता ओळखीचा वाटतो. कायनेमॅटिक हार्डनिंग आधीपासूनच होतं, डॅमेजही भरलेला आहे. व्हिस्कॉसिटीची चाचणी आज रात्री लावते.

पण तिसऱ्या आवर्तनातली घट अजून येत नाही. माझ्या स्प्रिंगचा वक्र परतताना त्याच वाटेने परततो, म्हणजे एकदा झिजलेली पकड पुढच्या आवर्तनात पुन्हा ताजी होते. कनेक्टरला डॅमेज देऊन ही झीज साठवता येते का? कुणी केलं असेल तर कनेक्टर कोणता घेतला आणि कन्व्हर्जन्स (गणित उत्तरापर्यंत पोचणं) कसा सांभाळला ते कृपया सांगा.