दूध, दळण, शाळा, ऑफिस: रोज किती लांब जाता आणि कशाने?

आमच्या सोसायटीत कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायलाही स्कूटर निघते. त्याच घरातला एक जण मात्र डेक्कन क्वीनने रोज मुंबई गाठतो, १९२ किलोमीटर! पायी, सायकलने, एसटीने, लोकलने तुम्ही कुठवर जाता, ते लिहा. सहली नकोत, रोजचंच सांगा.

कर्जतकर: कर्जत-सीएसएमटी, १०० किमी. ऐकणारे हळहळतात. अहो, गाडी आमच्याकडून सुटते, खिडकी मिळते. डोंबिवलीचा मेव्हणा निम्म्या अंतरात माझ्या दुप्पट दमतो, कारण तो दारात लोंबकळून येतो. परतीला आमच्या ग्रुपमधल्या बायका मटार सोलतात, शेंगा फिरत फिरत आमच्यापर्यंत येतात, कल्याण जाईपर्यंत पिशवी भरलेली असते. सीएसएमटीहून ऑफिस पंधरा मिनिटं चालत, काही वाटत नाही. कर्जतला उतरल्यावर तेवढ्याच अंतराला रिक्षा लागते!

सुनबाई_तासगाव: आमच्याकडे अंतर तिकिटावर ठरतं. वडापची शेअर जीप दारात थांबते, तरी २०२३ ला बायकांना एसटीचं अर्धं तिकीट झाल्यापासून आत्याबाई फाट्यापर्यंत चालत जाऊन एसटीच धरतात. मामंजींची पंचाहत्तरी उलटली, त्यांना तर २०२२ पासून फुकट. पूर्वी गुडघ्याचं औषध कुणाकडून तरी मागवायचे. आता स्वतः सांगलीला जातात, येताना बाजारही बघून येतात. गुडघा दुखतोच म्हणा.

पेडलपुणेकर: कोथरूड ते बावधन, सायकल. किलोमीटर मोजत नाही, चांदणी चौकाचा चढ मोजतो. पावसाळ्यात बस.

दिवाडीची: आमच्या दिवाडी बेटावरून जुनं गोवं समोर दिसतं, फेरीबोट मिनिटांत पोचवते, पायी माणसाला तिकीटही नाही. पण पणजीत कुणाचं रिसेप्शन असलं की आम्ही आधी शेवटची फेरी विचारतो, मग जेवायला काय आहे ते.

हायवेअलीकडची_आई: शाळा घरातून दिसते. मी त्याच शाळेत चालत गेले. आता मध्ये सहापदरी रस्ता आहे, भुयारी मार्ग बराच पुढे आणि त्यात पावसाळाभर पाणी. त्यामुळे मुलगा व्हॅनने जातो. व्हॅनकाका आणखी पोरं गोळा करत गावभर फिरतात, म्हणजे गॅलरीतून दिसणाऱ्या शाळेसाठी आमचं पोर पाऊण तास आधी घर सोडतं. अजून कुणाचं असं आहे का? भुयारी मार्गासाठी अर्ज द्यायचाय, सह्या हव्यात.