मदत हवी आहे : अमेरिकेतलं अलार्म घड्याळ पुण्यात मागे पडतंय

नमस्कार मंडळी. ताईने न्यू जर्सीहून येताना तिचं उशाशी ठेवायचं रेडिओ-घड्याळ आईसाठी आणलं. वर आयपॉड बसवायचा जुना रुंद ३० पिनांचा डॉक आहे. ताईच्याच जुन्या आयपॉडमध्ये आईचे अभंग भरलेत आणि त्या आवाजाने उठायला तिला फार आवडतं.

ते ११० व्होल्टचं असल्यामुळे स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लावला. गाणी छान वाजतात, पण वेळ चुकते. रात्री दहाला बरोबर लावलं, तर सकाळी सहाला आकडे ४:४० दाखवतात! म्हणजे तासाला बरोबर दहा मिनिटं मागे. मला वाटतं, ते विजेच्या ६० हर्ट्झवरून (म्हणजे सेकंदाला ६० आवर्तनं) सेकंद मोजतं आणि आपल्याकडे ५० हर्ट्झ आहे. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज उतरतं, हर्ट्झ तेच राहतात. मागे, खाली, बॅटरीच्या खणात सगळीकडे बघितलं, ५०/६० चं बटण कुठेच नाही.

रेडिओचंही तसंच, आकडे अमेरिकेच्या टप्प्यांनी सरकतात. एफएमवर १००.९ वरून थेट १०१.१, त्यामुळे विविध भारतीचं १०१ नीट लागत नाही, खरखर येते. मीडियम वेव्हवर ७९० नंतर ८००, मग आकाशवाणी पुण्याचं ७९२ कसं लावायचं?

काही मॉडेलांत दोन बटणं एकत्र दाबून देश बदलता येतो म्हणतात. कुणी केलंय का? की आत सर्किटवर जंपर (जोडणी बदलायची छोटी पिन) असतो? पुण्यात असं काम मन लावून करणारा रेडिओ मेकॅनिक माहीत असेल तर कृपया सांगा. आईला दुसरं घड्याळ नकोय.