गोल फिरणारी, गाणी वाजवणारी गाडी: ज्यांनी घेतली त्यांनी सांगा

माझी लेक सोळा महिन्यांची. आम्ही नागपुरात त्रिमूर्तीनगरला, तिसऱ्या मजल्यावर. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास गेला की सकाळी अकरापासून संध्याकाळी सहापर्यंत तिला बाहेर काढायची सोय नाही. पडदे ओढायचे, कूलर लावायचा आणि एवढ्याशा हॉलमध्ये तिला दमवायचं. ट्रॅफिक पार्क वगैरे सगळं ऊन उतरल्यावर. नणंदेने ही गाडी सुचवलीय: पोर मध्ये बसतं, पायाने रेटा देतं, सीट जागच्या जागी गरगर फिरते, दिवे लागतात, गाणी वाजतात. खोक्यावरचं पोर हसतंय ते मीही पाहिलं. तुमच्या घरी काय झालं ते सांगा.

जुळ्यांची आई, मनीषनगर
पोरं दोन, गाडी एक. आळीपाळीने बसतील असं वाटलं होतं, हा माझाच भाबडेपणा. एक बसला की दुसरा बाहेरून ढकलायचा, आणि ढकलणाऱ्याला थांबायचं कळत नाही. बसलेल्याचा चेहरा पांढरा पडला तरी आम्ही आपले टाळ्या वाजवतोय. मग सगळा दूधभात सतरंजीवर. तेव्हापासून जेवण झाल्यावर तासभर गाडी पलंगाखाली, आणि ज्याने त्याने आपल्याच पायाने फिरायचं. स्वतः फिरणारं पोर बरोबर वेळेवर थांबतं.

अडीच वर्षांच्या मुलाचे बाबा, महाल
आमच्या पोराले इतवारीतून आणली. उन्हाळाभर काही वाटलं नाई. कूलर असा घरघरते का गाडीचं गाणं त्यात बुडून जाते. पोरगा आवाजाचं बटन वाढवत गेला, आमाले पत्ताच नाई. जूनमध्ये पाणी पडलं, कूलर बंद केला, अन् मंग समजलं बाप्पा, घरात काय वाजून राहिलं! सहा सुरावटी हायेत, पण पोराले एकच पाह्यजे. रात्री अकराले अंधारात कोणाचा पाय लागला का तेच सुरू. शेवटी बायकोनं सेल काढले. पोरगा दोन दिवस रुसला, मंग सोताच तोंडानं वाजवू लागला. तेच गाणं.

एका मुलीची आई, कानाच्या तपासण्या करते, धरमपेठ
वरच्या दोघांना हसून झालं, आता थोडं कामाचं. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्यांत द्रव असतो. पोर फिरतं तसा तोही फिरू लागतो आणि पोर थांबलं तरी लगेच थांबत नाही. डोळे सांगतात थांबलो, कान सांगतो अजून फिरतोय. म्हणून उतरल्यावर झोकांड्या जातात. पडायची खरी वेळ ती, बसलेलं असताना नव्हे. आमच्या हॉलमध्ये बंगई, म्हणजे झोपाळा आहे. लेक उतरली ती थेट बंगईच्या कोपऱ्यावर, कपाळाला टेंगूळ. गाडी आता मधल्या खोलीत, जिथे भिंतीपर्यंत चार हात मोकळे आहेत.
आवाज तपासायचा तर लांबून नको. स्पीकर बहुधा हँडलमध्ये असतो, पोराच्या कानापासून हातभर अंतरावर. तिथे स्वतःचा कान नेऊन ऐका. मी जाळीवर चिकटपट्टीचे दोन थर लावले.

सोनेगावहून, थोडक्यात
आयएसआयचा छाप बघा, १ जानेवारी २०२१पासून तो खेळण्यांना सक्तीचा आहे. सेलच्या झाकणाला स्क्रू हवाच. चपटे बटन सेल असतील तर मी तरी घरात आणणार नाही. गिळलेला सेल अडकला तर दोन तासांत अन्ननलिका भाजते. आणि मुलीच्या गळ्यात ओढणी नको. यावर जास्त बोलवत नाही.

तीन वर्षांच्या मुलाची आई, जयताळा
आमचं थोडं वेगळं. लेक बोलत नव्हता आणि गोल फिरणारं काहीही दिसलं, पंखा म्हणा, झाकण म्हणा, की तिथेच. ही गाडी तर त्याला तासन्‌तास पुरली असती. थेरपीच्या ताई म्हणाल्या, काढून टाकू नका, पण एकट्याला देऊ नका. समोर बसायचं, दोन फेऱ्या द्यायच्या, हाताने थांबवायचं आणि त्याच्याकडे बघत गप्प राहायचं. हे गप्प राहणं फार कठीण हो. आधी तो किंचाळायचा. मग माझा हात ओढायला लागला. पाचव्या की सहाव्या आठवड्यात एका दुपारी म्हणाला, "अजून." मी इतकी गडबडले की फेरी द्यायचीच विसरले, तर परत म्हणाला, चिडून. तुमच्या मुलीला हे लागू होईलच असं नाही. पण विचारलंत म्हणून सांगितलं.

आजी, धंतोली
मी सुनेला म्हटलं होतं, दोन दिवसांचं कौतुक आहे, पैसे घालवू नको. नातवाने पहिला महिनाभर तिला हातही लावला नाही, दिवे लागले की माझ्या पदराआड. मग तान्हा पोळा आला. लाकडी नंदीला झूल घातली, बाशिंग बांधलं, पण दारोदारी ओढून न्यायला हा पठ्ठ्या तयार नाही. त्याने नंदी उचलला, त्या गाडीवर बसवला आणि गाणी लावून गरगर फिरवला. शेजारणी दारात येऊन बघून गेल्या, बोजारा, म्हणजे नंदी घेऊन येणाऱ्या पोरांना देतात ते पैसे, घरबसल्या मिळाला. दुसऱ्या दिवशी नंदी उतरला आणि हा चढला. भीती कुठे गेली, देव जाणे. सुनेने मला माझं बोलणं अजून ऐकवलेलं नाही, गुणाची आहे.

पुन्हा मनीषनगर, त्रिमूर्तीनगरच्या ताईंसाठी
नवीन कशाला घेता? आमचे दोघे आता तीन वर्षांचे, गुडघे हँडलला लागतात. सीटवर संत्र्याच्या रसाचा डाग आहे, तो निघत नाही, आणि डावीकडे फिरताना करकरते. रविवारी सकाळी दहाच्या आत या, दोघे आजीकडे असतील. त्यांच्या डोळ्यांदेखत न्याल तर रडारड होईल. सेल मी आधीच काढून ठेवलेत.